त्रेचाळीस पावलं

गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून घ्यायला अफजलपुरात तेव्हा तीन दुकानं होती. दोन दुकानांतून गाडी त्याच दिवशी परत मिळायची. तिसऱ्या दुकानातून कधी मिळेल, ते सांगता यायचं नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते या तिसऱ्या दुकानाचे मालक. कामगारही तेच, दुसरं कुणी नव्हतं. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा, मीही तेच म्हणत असे. गेल्या श्रावणात ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही म्हणतात. दुकानाच्या शटरवर आता दुसऱ्याच धंद्याची पाटी आहे.

त्यांच्याकडे काम उत्तम होई, याबद्दल दुमत नव्हतं. तारा नीट, जोड पक्के, आवाज स्वच्छ. गाडीचा मालक एखादं गाणं लावून बघायचा, काचा थरथरायच्या, तो खूश होऊन किल्लीसाठी हात पुढे करायचा. आणि तिथून अण्णांची खरी तपासणी सुरू व्हायची. ते खिशातून एक लहान रेडिओ काढत. कातडी कव्हर, वर पितळी बटण, कव्हराचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. त्यावर कलबुर्गीचं मिडीयम वेव्हचं स्टेशन लागलेलंच असे. गाडीचं इंजिन चालू, अ‍ॅम्प्लिफायर चालू, आणि अण्णा रेडिओ कानाशी धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे.

अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो नीट बसवला नसेल तर त्याच्या पोटातली विजेची घुसळण हवेत पसरते आणि आसपासच्या रेडिओत शिरते. बातम्या ऐकू येण्याऐवजी किर्रर्र ऐकू येतं. इंजिनाचा वेग वाढवला की किर्रर्र चढतं, कमी केला की उतरतं. या आवाजाला अण्णांनी नाव ठेवलं होतं, भुंगा. प्रदक्षिणेत भुंगा सापडला की ते किल्ली स्वतःच्या खिशात टाकायचे आणि गाडी पुन्हा उघडायला घ्यायचे.

एकदा एका वडापच्या जीपवाल्याची आणि त्यांची जुंपली तेव्हा मी तिथेच होतो.

“अण्णा, गाडी द्या की. भाडं उभं हाय स्टँडवर.”

“भुंगा हाय आत.”

“आसू दे की. मला कुठं रेडिओ ऐकायचाय? पेनड्राइव्ह हाय माझ्याकडं, चारशे गाणी हायती.”

“तुला न्हाई ऐकायचा. तुझ्या बाजूनं जाणाऱ्याला?”

“माझ्या बाजूनं म्हैस जायलीय अण्णा, म्हैस!”

“मग तिला तरी ऐकू दे.”

गाडी त्याला तिसऱ्या दिवशी मिळाली. त्या तीन दिवसांत अण्णांनी फक्त एक बोल्ट बदलला होता. अर्थिंगची तार ज्या पत्र्याला जोडतात, तिथला रंग खरवडून पत्रा चांदीसारखा काढला होता आणि तार पुन्हा आवळली होती. “रंगावर तार बांधली की ती तार न्हाई, ते मंगळसूत्र,” असं ते म्हणत. म्हणजे नुसतं दिसायला.

लोकांना हा वेडेपणा वाटायचा, मलाही वाटायचा. मिडीयम वेव्ह ऐकतं कोण आता? पण त्यांच्या दुकानात बसलं की हसू फार वेळ टिकत नसे. त्यांचा रेडिओ दिवसभर हळू आवाजात चालू असायचा. गाणी लागली तरी ते गाणी ऐकत नसत. बातम्याही ऐकत असतील असं वाटत नसे. ते फक्त स्टेशन आहे ना, याच्याकडे कान लावून असत. मध्येच आवाज क्षणभर गेला, असं होतं कधी कधी, की त्यांचा पाना धरलेला हात हवेत तसाच थांबायचा. डोळे दारावर. चेहरा पार उतरलेला. आवाज परत आला की हात पुन्हा चालू. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही वळून दाराकडे बघितलं. तेव्हा कळलं की या माणसाला रेडिओचा छंद वगैरे काही नाही, या माणसाला भीती वाटते.

कशाची, ते कधी नीट कळलं नाही. विचारलं की उत्तर दरवेळी वेगळं यायचं. मला म्हणाले होते, “वीज पडायची असली तर रेडिओत आधी कळतं.” माझ्या शेजाऱ्यांना सांगितलं होतं की बायको गेली त्या दिवशी स्टेशन बंद होतं. आणि मशिदीजवळच्या पंक्चरवाल्याला, “निरोप येणाराय माझा.” यातलं खरं कोणतं, ते आता सांगायला कुणी नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अण्णा माझ्याशी मराठीत बोलत. घरची भाषा मराठीच. पण शाळा कन्नड झालेली, त्यामुळे आकडा आला की ते कन्नडात जात. वाक्य मराठी, आकडा कन्नड. आमच्या सीमाभागात हे काही नवल नाही. पण त्यांचा तो हट्ट होता.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. उसाची गाडी काट्यावर आली की वजन मी मोठ्याने सांगतो, आधी मराठीत आणि मग कन्नडात. हा नियम मी स्वतः घालून घेतला आहे. आकडा ऐकण्यात चूक झाली की भांडण होतं आणि भांडणात दोन्ही बाजू खऱ्या असतात. या नियमावरून अण्णा मला चिडवत.

“काटेसाहेब, परत परत कामून सांगता? कन्नडात सांगा, बास. मराठी आकडा उलटा चालतो.”

“उलटा कसा?”

“त्रेचाळीस. तीन आधी, चाळीस मागनं. बैल गाडीच्या मागं जुंपल्यावानी. आमचं बघा, नलवत्तमूरू. नलवत्त चाळीस, मूरू तीन. सरळ.”

“आणि तुमचा दीड?” मी म्हणालो. मलाही चेव आला होता. “मराठीत दीड वेगळा, अडीच वेगळा. आम्ही लहानपणी दीडकी अडीचकी वेगवेगळी पाठ केली. तुमच्यात दीड ओंदूवरे, अडीच एरडूवरे, साडेतीन मूरूवरे. सगळ्यांची शेपटी एकच. पुढचं अक्षर गिळलं तर माणसाने काय समजायचं?”

“गिळायचं कामून? तोंड हाय की.”

पंक्चरवाला हसला. अण्णाही हसले. मला वाटतं मी त्या वादात जिंकलो होतो, आणि त्याचं मला दिवसभर बरं वाटत होतं.

माझी गाडी मी वापरलेली घेतली होती. डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आधीच होता, आधीच्या मालकाने बाहेरगावी बसवून घेतलेला. मुलीला गाणी आवडत, म्हणून मी तो ठेवला. एकदा हेडलाइटच्या कामाला गाडी अण्णांकडे नेली. हेडलाइट झाला, आणि ते रेडिओ घेऊन गाडीपासून लांब चालायला लागले. प्रदक्षिणेत भुंगा फारच मोठा निघाला की ते असं करत. आवाज स्वच्छ होईपर्यंत पावलं मोजत जायचं. लांब रस्त्यावर ते थांबले, वळले आणि ओरडले, “नलवत्तमूरू!”

त्रेचाळीस पावलं. त्यांच्या दुकानातला तो उच्चांक होता म्हणे. गाडी सोडून जा म्हणाले. मी म्हणालो, गळीत संपलं की बघू. गळीत संपलं, मी गेलो नाही. खरं कारण लिहितो. भुंग्याचा मला त्रास नव्हता, कारण मी रेडिओ लावतच नव्हतो. त्रास असलाच तर त्रेचाळीस पावलांच्या आतल्या दुसऱ्या कुणाला होता. त्याचं मी काय करायचं?

किल्ली मात्र त्यांनी अडवली नाही. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी बसवलेला नव्हता, म्हणून असेल. त्याऐवजी मी दुकानावरून जायचो तेव्हा ते नमस्काराच्या जागी आतून ओरडायचे, “नलवत्तमूरू!” दोन वर्षं रोज. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नवीन माणसाला वाटायचं, हे माझं नाव आहे.

त्या वर्षी पावसाळा संपत आला आणि मग पाऊस लागला. चार दिवस थांबला नाही. भीमा तांबडी झाली, पसरली. वीज गेली, मग फोनही गेले. माझी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी तेव्हा पलीकडच्या काठावर होत्या, पत्नीच्या माहेरी. ते गाव नदीच्या वरच्या अंगाला, ब्यारेजपासून सहा किलोमीटर. ब्यारेज म्हणजे बंधारा, त्याच्याच माथ्यावरून रस्ता जातो. घर गावाच्या खालच्या आळीत. दारातून नदी दिसते म्हणून लग्नात मी त्या घराचं कौतुक केलं होतं.

काठावरच्या लोकांचा एक ठोकताळा आहे. वरच्या धरणातून दोन लाख क्युसेकच्या आत पाणी सोडलं तर ब्यारेज उघडं राहतं, दोन लाखांच्या वर गेलं की बुडतं. म्हणजे सगळं एका आकड्यावर होतं, आणि तो आकडा मला ठाऊक नव्हता. दुपारी मी गाडी काढली. दोघींना घेऊन यायचं, एवढंच डोक्यात होतं. वाटेत अण्णांचं दुकान. ते अर्ध्या शटरखाली उभे होते, रेडिओ कानाशी. त्या दिवशी त्यांनी नेहमीची हाक मारली नाही. नुसता हात केला. मी थांबलो.

“कुठं जायलाव?”

“पलीकडं. दोघींना आणायला.”

त्यांनी शटर ओढलं आणि येऊन माझ्या शेजारी बसले.

“तुम्ही कुठं अण्णा?”

“आकडा कळला न्हाई अजून,” ते म्हणाले. “पाणी सोडलं म्हणून सांगायलेत. किती ते सांगताना नेमकी वरनं वीज कडाडली. दर हदिनैदु मिनटांनी परत सांगायलेत.” हदिनैदु म्हणजे पंधरा.

मी गाडीतला रेडिओ लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सोलापूर लागलंच नाही, नुसता भुंगा. कलबुर्गी लागलं, पण फाटक्या कापडासारखं. मी वेग वाढवला की भुंगा चढायचा. मी रेडिओचा आवाज वाढवला, भुंगाही तितकाच वाढला. माझ्या गाडीत रेडिओचा आवाज स्पीकरला जायचा तो अ‍ॅम्प्लिफायरमधूनच. तो नसता तर काहीच ऐकू आलं नसतं, होता तर तोच ऐकू देत नव्हता. अण्णा काचेतून पुढे बघत होते.

ब्यारेजच्या चढावर पोहोचलो तेव्हा निवेदन लागलं. कन्नडात, बाईचा आवाज. धरणातून सकाळी सोडलेलं पाणी… किर्रर्र… ऊवरे लक्ष क्युसेक… किर्रर्र… नदीकाठच्या जनतेने… आणि मग पुन्हा नुसता भुंगा.

“ओंदूवरे म्हणाली,” मी म्हणालो. “दीड लाख. दीड लाखाला ब्यारेज बुडत नाही.”

“मला ऊवरे ऐकू आलं.”

“आधी ‘ओं’ होता, अण्णा. मी ऐकला.”

“तुम्हाला पायजे होता म्हणून ऐकला.”

ब्यारेजवर पोलीस अजून आलेले नव्हते. आमच्या मागे एक दुधाचा टेम्पो येऊन थांबला. पुढे रिकामा रस्ता आणि पलीकडचा काठ, पावसात पुसट. पाणी माथ्याच्या खाली होतं. अगदी जवळच्या खांबाला दगडाचे पाच थर पाण्याबाहेर दिसत होते. मी ते मोजले. नंतर घड्याळ लावून मोजले. पाण्याचा आवाज इतका जाड होता की तो कानाला कमी आणि सीटला जास्त कळत होता.

“गाडी बंद करा,” अण्णा म्हणाले. “गाडी बंद, मग माझ्या रेडिओवर नीट येईल.”

“बंद नाही करणार.”

“कामून?”

मला ते सांगायची लाज वाटली. “बॅटरी धरत नाही. काल ढकलून चालू केलीय.”

बॅटरी कशाने उतरली होती ते त्यांना सांगायची गरज नव्हती. डिकीतला तो डबा रेडिओ बंद केला तरी बंद व्हायचा नाही, गाडी उभी असतानाही वीज पीत होता, हे त्यांनी मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.  त्यांनी ते तेव्हा बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मागे वळून बघितलं. मागे टेम्पो, त्याचंही इंजिन चालू, आणि त्याच्या केबिनमध्ये निळे दिवे लावलेला मोठा अ‍ॅम्प्लिफायर. मागे जाऊन उपयोग नव्हता. दोन्ही बाजूंना शेतात पाणी. मोकळी जागा फक्त पुढे होती.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, रेडिओ टॉवेलात धरला आणि दार उघडलं.

“अण्णा, कुठं जायलाव? पुढं ब्यारेज आहे.”

“नलवत्तमूरू,” ते म्हणाले, आणि उतरले.

ते चालत ब्यारेजवर गेले. मी काचेतून त्यांची पावलं मोजत होतो, दुसरं काय करणार. दहा. वीस. एकविसाव्या पावलाला रस्ता काठ सोडून पाण्यावर जातो. तीस. वारा त्यांना एका बाजूला ढकलत होता. चाळीस. त्रेचाळीसला ते थांबले. माझ्या गाडीचा भुंगा जिथे संपत होता, तिथे बरोबर. खाली तांबडं पाणी, आणि हा सत्तरीला आलेला माणूस डोक्यावर टॉवेल घेऊन कठड्याला टेकलेला. पुढचं निवेदन यायला सात मिनिटं होती.

मी खांब बघितला. पाचाचे चार थर राहिले होते.

मी हिशोब केला. पलीकडे सहा किलोमीटर, अशा पावसात पंधरा मिनिटं. दोघींना गाडीत घालायला पाच. परत पंधरा. पस्तीस मिनिटं. पाणी दीड लाख असेल तर ब्यारेज उघडं राहणार, घराला काही होणार नाही, पण आणलेलं बरं. पाणी अडीच लाख असेल तर खालची आळी जाणार, आणि ब्यारेजही. म्हणजे त्या घरात असतील तर त्या बुडणार, आणि मी आणायला गेलो तर तिघं मिळून ब्यारेजवर सापडणार. हे कागदावर नीट मांडता येतं. तिथे बसून ते मांडता येत नव्हतं. मी स्वतःला सांगत होतो, ‘ओं’ होता, मी ऐकला, ‘ओं’ होता.

मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी काच खाली केली.

“जायचं का न्हाई, साहेब?” तो ओरडला. “दीड म्हणायलेत की!”

“तुम्ही ऐकलं दीड?”

“तुम्हीच सांगा, तुमच्या म्होरं ते म्हातारं कामून उभं हाय?”

सात मिनिटं संपली. अण्णांनी रेडिओ कानावर दाबून धरला, दुसरा कान हाताने झाकला, खाली वाकले. मला त्यांची पाठ दिसत होती. मग ते सरळ झाले, वळले आणि ओरडले.

इंजिन, पाऊस, पाणी. माझ्यापर्यंत आलं ते एवढंच. “…ऊवरे!”

मी लिहितो ते जसं घडलं तसं लिहितो. मी पहिला गिअर टाकला. मला त्या क्षणी ‘ओंदूवरे’ ऐकू आलं होतं. शपथेवर सांगितलं असतं. गाडी चढ चढून ब्यारेजवर आली. अण्णा रस्त्याच्या मधोमध आले. त्यांनी दोन्ही हात वर केले, एका हातात तो रेडिओ, आणि पुन्हा ओरडले, आणि पुन्हा “ऊवरे” तेवढंच आलं, आणि मी अजून पुढे जात होतो. माझ्या आणि त्यांच्या मध्ये वीस पावलं उरली असतील. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, स्टेशन गेल्यावर दुकानात व्हायचं ते.

आणि मग त्यांनी तोंड पूर्ण उघडलं.

“अडीच! अडीच! काटेसाहेब, अडीच! मागं घ्या!”

या शब्दाला शेपटी नाही. तो सगळाच्या सगळा आला.

मी ब्रेक दाबला. गाडी मागे कशी घेतली ते आठवत नाही, टेम्पोही मागे गेला होता एवढं आठवतं. अण्णा पळत आले. परतीची पावलं कुणीच मोजली नाहीत. त्यांच्या पायात एकच चप्पल होती. गाडीत बसल्यावर त्यांनी रेडिओ टॉवेलाने पुसला, आधी रेडिओ, मग तोंड.

गाडी मागे घेतल्यापासून सव्विसाव्या मिनिटाला ब्यारेजवर पाणी आलं. आधी एक पातळ पापुद्रा, रस्ता धुतल्यासारखा. मग कठडा दिसेनासा झाला. पस्तीस वजा सव्वीस, नऊ. मी पलीकडे गेलो असतो तर परत येताना ब्यारेज नऊ मिनिटं आधीच बुडालेलं असतं. मी पलीकडच्या काठावर थांबलो असतो का? मागे पाणी चढतंय, समोर आपलं गाव दिसतंय, मुलगी मागच्या सीटवर, रस्त्यावर पाणी असेल तर जेमतेम गुडघाभर. थांबलो असतो असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

पुढचे तीन दिवस मला कोणताही हिशोब येत नव्हता. अडीच लाख पाण्याला खालची आळी राहत नाही, हे मला माहीत होतं आणि अण्णांनाही. ते सकाळी यायचे, माझ्या ओट्यावर बसायचे, रेडिओ मांडीवर. धीर देणारं एक वाक्य बोलले नाहीत. शेजारीण चहा द्यायची तो गार व्हायचा. पाणी किती वाढलं, किती उतरलं, तेवढं सांगायचे, कन्नडात. मीही ते मनात मराठीत करून घ्यायचो, दोन दोनदा, चुकायला नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा आली. लांबच्या हायवेच्या पुलावरून वळसा घालून दोघी आल्या होत्या. मुलगी उतरली ती आधी अण्णांकडे बघून हसली, कारण ओट्यावर पुढे तेच होते. 

“अहो, आम्ही ठीक आहोत,” पत्नी म्हणाली. “त्याच दिवशी दुपारी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं, अडीच लाख सोडलंय, वर शाळेत चला. गेलो. नंतर घरात छातीएवढं पाणी शिरलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही निघाला नव्हता ना?”

पलीकडच्या काठाला मराठीत सांगितलं होतं. तिकडे कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर मी गाडी अण्णांच्या दारात लावली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा इंजिन चालू होतं, अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, आणि रेडिओ गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला होता. कलबुर्गीवर बाजारभाव चालले होते. तुरीचा भाव शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“सोन्ने,” अण्णा म्हणाले. शून्य.

मी किल्ली घेतली. निघालो नाही. ते तारांचे तुकडे गोळा करत होते.

“अण्णा, त्या दिवशी तुम्ही मराठीत ओरडलात.”

“काय?”

“अडीच. अडीच म्हणालात. तीनदा. आयुष्यात पहिल्यांदा.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

“मी? मराठीत? न्हाई हो काटेसाहेब,” ते म्हणाले. “तुम्हाला नीट ऐकू आलं नसंल. भुंगा होता की गाडीत.”